तळी बुजवू नका, असं साहेबांनाच सांगणारा साहेब : पॅट्रिक गेडिस

१८५४ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेला हा गडी मूळचा जीवशास्त्राचा. ऐन पंचविशीत मेक्सिकोत डोळ्यांनी दगा दिला. पुढं नजर परत आली, पण मायक्रोस्कोपचं काम सुटत गेलं आणि तो शहरांकडे वळला. एडिनबराच्या गलिच्छ वस्तीत बायकोसह राहायला गेला, पडीक जागांवर बागा फुलवल्या.

१९१४ मध्ये तो भारतात आला. तेव्हा शहर सुधारायचं म्हणजे घरं पाडून सरळ रस्ता काढायचा आणि मलेरियाच्या भीतीनं तळी बुजवायची, असा खाक्या होता. गेडिस मात्र आधी गल्लीबोळ पायी फिरायचा. त्याचं म्हणणं साधं होतं. तळं साफ करा, त्यात मासे सोडा, डासांच्या अळ्या ते खातील. पाडायचं ते मोजकंच, आणि मोकळ्या झालेल्या जागेत झाडं लावा. खर्चही कमी, माणसंही बेघर होत नाहीत.

१९१९ मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. जी. एस. घुर्ये त्याचेच विद्यार्थी.

१९३२ मध्ये गेडिस गेला. वाद मात्र तोच आहे. तुमच्या शहराचा विकास आराखडा हरकतींसाठी खुला झाला, की नकाशात आधी तळं आणि मैदान शोधा. मुदत संपल्यावर ओरडून उपयोग नसतो.