सीडीएमएच्या कोडमागचा माणूस: झाक आदामार

सीडीएमए नेटवर्क आतून कसं चालतं हे शिकायला आज महागडी रेडिओ लॅब लागत नाही. मॅटलॅब, फुकट मिळणारं ग्नू ऑक्टेव्ह किंवा पायथॉनची सायपाय लायब्ररी, यातलं काहीही चालतं. या तिन्हींमध्ये एकाच नावाचं फंक्शन आहे: हॅडमार्ड. त्याच्या कंसात ६४ लिहून रन केलं की +१ आणि −१ ने भरलेला ६४ बाय ६४ चा चौकोन स्क्रीनवर येतो. टाटा इंडिकॉम आणि रिलायन्सचे जुने सीडीएमए फोन घरात कुणी वापरले असतील, तर त्यांच्या कॉलसाठी टॉवर याच चौकोनातल्या ओळी वापरत होता.

हॅडमार्ड हे एका फ्रेंच गणितज्ञाचं आडनाव आहे. आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजात सगळे हॅडमार्डच म्हणतात, पण फ्रेंच उच्चार आदामार. झाक आदामार १९६३ साली गेले, म्हणजे खिशातला मोबाईल बाजारात येण्याच्या कितीतरी आधी. मग त्यांचं नाव मोबाईल नेटवर्कमध्ये आलं कसं?

गणितात मागे असलेला मुलगा

आदामार यांचा जन्म ८ डिसेंबर १८६५ चा, पॅरिसजवळच्या व्हर्सायमधला. कुटुंब ज्यू. वडील शाळेत लॅटिन शिकवायचे. लहानपणी झाकला ग्रीक आणि लॅटिन छान जमायचं, पण अंकगणितात तो वर्गात जवळजवळ शेवटून पहिला असायचा. पुढे चांगले शिक्षक भेटले आणि गाडी रुळावर आली. १८८४ मध्ये फ्रान्समधल्या सर्वांत अवघड अशा दोन प्रवेश परीक्षांत, एकोल पॉलिटेक्निक आणि एकोल नॉर्मालच्या, तो पहिला आला. त्याने एकोल नॉर्माल निवडलं.

१८९२ मध्ये डॉक्टरेट आणि त्याच वर्षी लग्न. १८९६ मध्ये मूळ संख्या किती विरळ होत जातात हे सांगणारं प्रसिद्ध प्रमेय त्यांनी सिद्ध केलं. बेल्जियमच्या द ला व्हॅले पूसाँ यांनीही त्याच वर्षी ते स्वतंत्रपणे सिद्ध केलं. गणितवाले आदामार यांना ओळखतात ते मुख्यतः यामुळे. आपल्या कामाची गोष्ट मात्र त्याच्या ३ वर्षं आधीची आहे.

१८९३ चा प्रश्न

समजा एका खोक्याच्या कडांची लांबी ठरलेली आहे. कडा तिरक्या लावल्या तर खोकं दबतं आणि आत कमी मावतं. जास्तीत जास्त कधी मावेल? सगळ्या कडा एकमेकींशी काटकोनात असताना. आदामार यांनी हाच प्रश्न आकड्यांच्या चौकोनी तक्त्यांना विचारला. तक्त्यात फक्त +१ आणि −१ असतील, तर त्याचा डिटर्मिनंट जास्तीत जास्त किती होऊ शकतो, याची मर्यादा त्यांनी १८९३ मध्ये शोधली. ४ बाय ४ च्या तक्त्यासाठी ती १६ आहे.

ही मर्यादा गाठणारे तक्ते खास असतात. त्यातल्या कुठल्याही दोन ओळी घ्या, समोरासमोरचे आकडे गुणा आणि बेरीज करा. उत्तर शून्यच येतं. असे काही तक्ते इंग्लंडच्या सिल्व्हेस्टर यांनी १८६७ मध्येच बनवले होते, २, ४, ८, १६ असे दुप्पट होत जाणारे. आदामार यांनी १२ आणि २० आकाराचेही बनवले आणि नाव त्यांचं लागलं. या सगळ्याचा उपयोग काय? त्या वेळी व्यवहारात काहीच नव्हता.

आता फोनकडे येऊ

दोन ओळी घ्या. सीमाचा कोड: +१ +१ −१ −१. राहुलचा कोड: +१ −१ −१ +१. सीमाला +१ पाठवायचा आहे, म्हणून तिचा कोड जसाच्या तसा जातो. राहुलला −१ पाठवायचा आहे, म्हणून त्याचा कोड उलटा होतो: −१ +१ +१ −१. हवेत दोघांची बेरीज होते: ०, २, ०, −२. पूर्ण खिचडी!

आता सीमाचा फोन या खिचडीला तिच्या कोडने गुणून बेरीज करतो: ० + २ + ० + २ = ४. चारने भागलं की +१. राहुलचा फोन त्याच्या कोडने तेच करतो: ० − २ + ० − २ = −४, म्हणजे −१. एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर, दोघांनाही आपापला बिट मिळाला. कारण एकच, दोन ओळींच्या गुणाकाराची बेरीज शून्य.

आयएस-९५ या पहिल्या सीडीएमए स्टँडर्डमध्ये टॉवरकडून फोनकडे जाताना अशा ६४ ओळी असायच्या. इंजिनिअर त्यांना वॉल्श कोड म्हणतात. सगळ्या ओळी ग्राहकांसाठी नव्हत्या. शून्य नंबरची पायलट सिग्नलसाठी आणि ३२ नंबरची फोनची वेळ जुळवण्यासाठी राखीव होती.

वेळ का जुळवायची? राहुलचा कोड एक घर उजवीकडे सरकवा आणि शेवटचा आकडा पुढे आणा. तो होतो +१ +१ −१ −१, म्हणजे हुबेहूब सीमाचा कोड! एका घराची चूक आणि दोन कॉल एकमेकांत घुसले. म्हणूनच आयएस-९५ चे टॉवर जीपीएसच्या वेळेवर चालायचे.

कागदाबाहेरचे आदामार

आदामार फक्त कागदात रमणारे नव्हते. १८९४ मध्ये फ्रेंच सैन्यातले ज्यू कॅप्टन आल्फ्रेड द्रेफ्यूस यांना हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली. द्रेफ्यूस यांची पत्नी ल्युसी आदामार यांच्या नात्यातली. निर्दोष ठरायला द्रेफ्यूसना १९०६ उजाडलं. त्या लढ्यात आदामार उतरले आणि पुढे आयुष्यभर मानवी हक्कांच्या कामात राहिले.

मग पहिलं महायुद्ध आलं. १९१६ मध्ये व्हर्दंच्या लढाईत त्यांची दोन मोठी मुलं, पिएर आणि एतिएन, काही महिन्यांच्या अंतराने मारली गेली. आदामार पुन्हा कामाला लागले आणि पॅरिसमधलं त्यांचं सेमिनार जगभरच्या गणितज्ञांचा अड्डा बनलं. १९४० मध्ये जर्मनीने फ्रान्स जिंकला. ज्यू असल्यामुळे तिथे राहणं धोक्याचं होतं, म्हणून पंचाहत्तरीत ते देश सोडून अमेरिकेला गेले. १९४४ मध्ये तिसरा मुलगा मात्यूही युद्धात गेला. तीन मुलगे, तिन्ही युद्धात गेले. तरी १९४५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, गणितज्ञाच्या डोक्यात नवी कल्पना कशी जन्मते यावरचं. युद्धानंतर ते पॅरिसला परतले आणि १७ ऑक्टोबर १९६३ रोजी, ९७ व्या वर्षी वारले.

पुढे काय झालं

१९७१ मध्ये मंगळाकडे गेलेल्या मरीनर ९ यानाने फोटो पाठवताना चुका दुरुस्त करायला आदामार तक्त्यावरचा कोड वापरला. १९९० च्या दशकात सीडीएमए फोन आले. ज्या प्रश्नाचा व्यवहारात काहीच उपयोग नव्हता, त्याला शंभरेक वर्षांनी कोट्यवधी ग्राहक मिळाले. आता सीडीएमए नेटवर्क बंद झाली, पण तो तक्ता प्रत्येक टूलमध्ये तसाच आहे.

एक कोडं अजून शिल्लक आहे. ४ च्या प्रत्येक पटीत असा तक्ता बनतो का, हे कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही. ६६८ आकाराचा तक्ता आजवर सापडलेला नाही.

करून बघायचं असेल तर मोबाईलच्या ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा, सायपाय तिथे आधीच असतं. हॅडमार्ड फंक्शनला ४ द्या. तिसरी ओळ सीमाची, चौथी राहुलची. आधी वरची खिचडी वेगळी करा, मग एक ओळ एक घर सरकवून बघा कॉल कसा बिघडतो ते.