दानचिंतामणी अत्तिमब्बे : सहस्र ग्रंथांच्या दानाची कथा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर श्राविकेचे चरित्र लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी व्यवसायाने कापड व्यापारी. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर उभे आयुष्य मीटर, ताके आणि खतावणी यांत गेले. विद्वत्तेचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु एक जुनी खंत मनात होती आणि त्या खंतीनेच मला या चरित्रापर्यंत आणून सोडले.

आमच्या घरी आजोबांच्या काळची एक हस्तलिखित पोथी होती. दर श्रुतपंचमीला ती देव्हाऱ्याजवळ चौरंगावर ठेवून तिची पूजा होई. जुने वेष्टन जीर्ण झाले की दुकानातील उत्तम कापडाचे नवे वेष्टन मी स्वतः बेतून देत असे आणि त्यात धन्यता मानत असे. कित्येक वर्षे वेष्टन बदलले, पोथी मात्र कोणी उघडली नाही. एका वर्षी घराची दुरुस्ती निघाली म्हणून गाठ सोडली, तेव्हा आत वाळवीने खाल्लेला पाचोळा होता. त्या पोथीत काय लिहिले होते हे सांगणारे घरात कोणीही उरले नव्हते. तिची दुसरी प्रत नव्हती. दोष अन्य कोणाचा नाही, आमचाच आहे. ज्ञानाला आम्ही वस्त्र दिले, वाचक दिला नाही.

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही चार दाने आपणा सर्वांना पाठ आहेत. त्यांतील शास्त्रदान म्हणजे नेमके काय, हे हजार वर्षांपूर्वी एका गृहस्थ स्त्रीने कृतीने दाखवून दिले. कर्नाटकाच्या इतिहासात दानचिंतामणी या बिरुदाने अजरामर झालेल्या त्या श्राविका म्हणजे अत्तिमब्बे.

कुळ आणि संस्कार

अत्तिमब्बे यांचा काळ इसवी सनाच्या दहाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि अकराव्या शतकाचा प्रारंभ. दक्षिणेत त्या वेळी मोठे सत्तांतर झाले. इ.स. ९७३ मध्ये दुसऱ्या तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता संपवून कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य उभे केले. आजच्या कर्नाटकाबरोबर महाराष्ट्राचा फार मोठा भागही या राज्यात होता. त्यामुळे अत्तिमब्बे या आपल्यालाही परक्या नव्हेत. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागातील अनेक जैन घरांत आजही कन्नड बोलली जाते, हे त्याच जुन्या नात्याचे चिन्ह होय.

त्यांचे आजोबा नागमय्या हे वेंगी प्रांतातील. नागमय्या यांना मल्लपय्या आणि पोन्नमय्या असे दोन पुत्र होते. दोघेही शूर आणि दोघेही धर्मनिष्ठ. आपले गुरू जिनचंद्रदेव यांच्या स्मरणार्थ काही करावे असे या बंधूंच्या मनात आले. त्यांनी पोन्न या महाकवीस विनंती करून सोळावे तीर्थंकर शांतिनाथ भगवंतांचे चरित्र कन्नड भाषेत लिहवून घेतले. तेच बारा आश्वासांचे शांतिपुराण. गुरूच्या स्मरणार्थ ग्रंथ निर्माण करावा, हा विचारच किती उंचीचा आहे पाहा. पोन्नमय्या यांना पुढे रणांगणावर वीरमरण आले. मल्लपय्या यांच्या पोटी अत्तिमब्बे जन्मल्या. ज्या घरात ग्रंथ हेच स्मारक मानले गेले, त्या घरात त्या वाढल्या. पुढील सर्व कार्याचे बीज येथे पडले, असे मला वाटते.

दुःखाचा डोंगर

तैलपाचे मंत्री धल्लप यांचे पुत्र नागदेव यांच्याशी अत्तिमब्बे आणि त्यांची धाकटी भगिनी गुंडमब्बे या दोघींचा विवाह झाला. नागदेव पराक्रमी सेनानी होते. घरात वैभव होते, राजदरबारी मान होता. परंतु नागदेवांचे अकाली निधन झाले. त्या काळच्या रूढीप्रमाणे गुंडमब्बे यांनी पतीबरोबर सहगमन केले. एकाच वेळी पती गेला आणि पाठची बहीण गेली.

अत्तिमब्बे मागे राहिल्या. पदरी अण्णिगदेव हा पुत्र होता. त्याच्यासाठी त्यांनी जगण्याचा निर्णय घेतला. अग्नीत देह टाकणाऱ्या स्त्रीची स्तुती करणारा तो काळ होता. अशा काळात जगणे पत्करावयास अधिक धैर्य लागले असेल. त्यांनी व्रते घेतली, देह झिजवला आणि जे धन हाती होते ते धर्माकडे वळवले. पुत्र मोठा होऊन राजसेवेत मानाच्या पदावर पोहोचला. माता मात्र दानामुळे ओळखली जाऊ लागली.

एक सहस्र प्रती

अत्तिमब्बे यांनी जिनमंदिरे उभारली, सुवर्ण आणि रत्नांच्या दीड हजार जिनप्रतिमा करवून दिल्या, असे परंपरा सांगते. मंदिर आणि मूर्ती यांचे दान करणारे दाते त्या काळी इतरही होते. अत्तिमब्बे यांचे वेगळेपण दुसऱ्या दानात आहे. पिता आणि चुलते यांनी लिहवून घेतलेल्या शांतिपुराणाच्या त्यांनी एक हजार प्रती करविल्या आणि त्या वाटल्या.

आज हजार प्रती म्हटल्या तर छापखान्याला एक दूरध्वनी पुरतो. त्या काळी दक्षिणेत ग्रंथ ताडपत्रांवर लिहिले जात. ताडाची पाने तोडून आणावयाची, उकळून वाळवावयाची, घासून गुळगुळीत करावयाची, सारख्या मापाने कापावयाची. मग लोखंडी टोकदार लेखणीने एकेक अक्षर पानावर कोरावयाचे आणि काजळी चोळून ते दिसेलसे करावयाचे. पान फाटू न देता कोरणे हे कसबी माणसाचेच काम. शेवटी पानांना छिद्र पाडून दोरा ओवावयाचा आणि वर-खाली लाकडी फळ्या लावून पोथी बांधावयाची. एवढे करूनही मूळ प्रतीशी ताडून पाहणे उरतेच, कारण एका लेखकाची चूक पुढील प्रत्येक प्रतीत उतरते.

व्यापारी माणसाला हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून मी कागदावर आकडे मांडून पाहिले. एका प्रतीला एका लेखकाचे दोन महिने धरले, तर हजार प्रतींना दोन हजार महिने लागतात. म्हणजे एका माणसाची १६६ वर्षे आणि वर आठ महिने. चाळीस लेखक एकाच वेळी बसविले, तरी चार वर्षांहून अधिक काळ. तेवढा काळ त्या सर्वांच्या घरचा चरितार्थ चालवावयाचा, पाने पुरवावयाची, जाणत्यांकडून तपासून घ्यावयाचे. दोन महिने हा माझा केवळ अंदाज आहे, परंतु कामाचा विस्तार लक्षात यावा एवढ्यासाठी हा हिशेब दिला. ही लहरीने केलेली देणगी नव्हती. चिकाटीने उभा केलेला तो एक उद्योगच होता, आणि त्यात नफ्याचा रकानाच नव्हता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शांतिपुराण हे संस्कृत किंवा प्राकृतात नव्हते, लोकांच्या भाषेत होते. ते वाचता येईल, निदान कोणी वाचल्यास ऐकून समजेल, अशा घरी आणि मंदिरी ते जावे हा हेतू त्यामागे उघड दिसतो. पूजेत ठेवण्यासाठी हजार प्रती लागत नाहीत, वाचण्यासाठी लागतात.

महाकवी रन्न यांना आश्रय

अत्तिमब्बे जुन्या ग्रंथाच्या प्रती करून थांबल्या नाहीत. नवा ग्रंथ निर्माण व्हावा म्हणून त्यांनी महाकवी रन्न यांना आश्रय दिला. रन्न हे जमखंडीजवळच्या मुधोळचे. बांगड्या विकणाऱ्या कासाराच्या कुळात जन्मलेला हा मुलगा विद्येच्या ओढीने दक्षिणेकडे गेला. अजितसेनाचार्यांपाशी त्याचे अध्ययन झाले. श्रवणबेळगोळची बाहुबलीची मूर्ती घडविणारे चावुंडराय यांचा त्याला आधार मिळाला. पुढे तैलपाच्या दरबारी तो कविचक्रवर्ती झाला. पंप, पोन्न आणि रन्न हे कन्नड साहित्याचे रत्नत्रय मानले जाते. तिघेही जैन परंपरेतील.

अत्तिमब्बे यांच्या प्रेरणेने रन्न यांनी दुसरे तीर्थंकर अजितनाथ यांचे चरित्र लिहिले आणि इ.स. ९९३ मध्ये ते पूर्ण केले. या अजितपुराणातच त्यांनी आपल्या आश्रयदातीचे कुळ, तिचे दुःख आणि तिचे दान यांचे वर्णन करून ठेवले. आज आपणास त्यांच्याविषयी जे ठाऊक आहे, त्यातील पुष्कळ भाग या ग्रंथामुळेच. रन्न यांनी आपल्या मुलाचे नाव चावुंडरायांवरून राय ठेवले आणि मुलीचे नाव ठेवले अत्तिमब्बे. लहानपणी ज्याला विद्येसाठी गाव सोडावे लागले, त्याने याहून मोठी कृतज्ञता कोणती दाखवावी?

लक्कुंडीचे जिनालय

कर्नाटकात गदग शहराजवळ लक्कुंडी नावाचे गाव आहे. प्राचीन काळी त्याला लोक्किगुंडी म्हणत. येथे अत्तिमब्बे यांनी ब्रह्म जिनालय बांधले. भगवान महावीरांचे हे मंदिर आजही उभे आहे. इ.स. १००७ मधील, राजा सत्याश्रयाच्या कारकिर्दीतील शिलालेखात अत्तिमब्बे यांची कीर्ती कोरलेली आहे. पूर आलेली गोदावरी त्यांच्या पुण्याईने ओसरली, अशा कथाही त्यांच्याविषयी सांगितल्या जातात. चमत्कार खरा की खोटा या वादात मी पडत नाही. लोकांनी ज्या स्त्रीच्या नावाभोवती अशा कथा गुंफल्या, तिच्याविषयी त्यांच्या मनात केवढा आदर असेल, एवढेच घ्यावे.

दिले ते राहिले

आता या चरित्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. पोन्न यांनी भुवनैकरामाभ्युदय नावाचे आणखी एक काव्य लिहिले होते. ते आज उपलब्ध नाही. नंतरच्या ग्रंथकारांनी केलेल्या उल्लेखांवरून ते होते एवढेच समजते. रन्न यांचे परशुरामचरित आणि चक्रेश्वरचरित हे ग्रंथही नष्ट झाले. अत्तिमब्बे यांचा हात ज्या दोन ग्रंथांना लागला, ते शांतिपुराण आणि अजितपुराण मात्र हजार वर्षे ओलांडून आपल्यापर्यंत आले. ग्रंथ टिकण्याची कारणे अनेक असतात, हे मान्य. तरीही हजार घरी आणि मंदिरी पोहोचलेला ग्रंथ एका आगीत, एका पुरात किंवा एका वाळवीच्या वारुळात संपत नाही, हे समजण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही.

उलट उदाहरणही आपल्याच घरातील आहे. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके मूडबिद्री येथेच राहिल्या. लोक दुरून दर्शन घेत, वाचता कोणास येत नसे. त्यांतील काही पाने कायमची गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्यासारख्यांनी खटपट केली, म्हणून प्रती करण्यास आरंभ झाला. डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावती येथून हा ग्रंथ छापून बाहेर पडू लागला, तेव्हा तो सामान्य श्रावकाच्या हाती आला. या मंडळींनी केले ते अत्तिमब्बे यांचेच काम होते.

आपले कर्तव्य

आपल्या ट्रस्टने ५० वर्षांत मंदिर सांभाळले, पाठशाळा चालविली, अडल्यानडल्यास मदत केली. त्याचा अभिमान आहेच. परंतु आपल्या ग्रंथभांडाराच्या कपाटाची किल्ली शेवटची केव्हा फिरली, हा प्रश्न मी स्वतःसह सर्वांनाच विचारू इच्छितो. लग्नकार्यात, उपवासाच्या पारण्याला, दिवंगतांच्या स्मरणार्थ आपण भांडी वाटतो, चांदीची नाणी वाटतो, आणि माझ्या धंद्याच्या सोयीचे असले तरी सांगतो, कापडही वाटतो. त्याऐवजी एक चांगले पुस्तक द्यावे. लहान मुलाला कळेल असे, आजीला वाचता येईल अशा मोठ्या टायपाचे. द्यावे ते स्वतः वाचून द्यावे, आणि महिन्याभराने भेट झाल्यास कसे वाटले हे आवर्जून विचारावे. वाचून दिलेल्या पुस्तकाविषयी आपण दोन शब्द बोलू शकतो, आणि घेणाऱ्याला वाचनाची गोडी पुष्कळदा त्या दोन शब्दांनीच लागते.

यंदाच्या श्रुतपंचमीस मी माझ्या आजोबांच्या नावे १०० पुस्तके पाठशाळेतील मुलांना देण्याचे ठरविले आहे. सध्या त्यांतील प्रत्येक पुस्तक रात्री दुकान बंद केल्यावर वाचत आहे. वाळवीने खाल्लेली पोथी त्यामुळे परत येणार नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु यापुढे आमच्या घरातून कोणालाही न वाचता वेष्टनात बांधलेला ग्रंथ निघू नये, एवढी प्रार्थना अत्तिमब्बे यांचे स्मरण करून जिनचरणी करतो आणि हा लेख पूर्ण करतो.

जय जिनेंद्र.