सर विल्यम गल : न जेवणाऱ्या मुलींचा आजार ओळखणारे डॉक्टर

वयात आलेली मुलगी जेवण कमी कमी करत जाते, वाळते, तरीही वजन वाढेल या धास्तीने घास टाळते. या आजाराला वैद्यकशास्त्रात ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ म्हणतात. हे नाव इंग्लंडचे सर विल्यम गल यांनी १८७३ साली दिले. राणी व्हिक्टोरियाचे डॉक्टर म्हणून ते प्रसिद्ध होते. या आजाराबाबत त्यांची एक गोष्ट अगदी बरोबर ठरली आणि एक पुढे बदलावी लागली. आईवडिलांनी या दोन्ही समजून घ्याव्यात.

गल यांचा जन्म ३१ डिसेंबर १८१६ रोजी कोल्चेस्टर येथे, काठाला बांधलेल्या बोटीवर झाला. वडील मालवाहू बोटीचे मालक. आठ भावंडांत विल्यम धाकटे. ते दहा वर्षांचे असताना वडील वारले आणि आईने काटकसरीने मुले वाढवली. आपले खरे शिक्षण आईनेच केले, असे ते पुढे सांगत. काही काळ शाळेत शिकवल्यावर १८३७ मध्ये त्यांना लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये राहायला दोन खोल्या आणि वर्षाला ५० पौंड मिळाले. या आधारावर ते शिकले आणि १८४६ मध्ये एम.डी. झाले.

औषधांचा मारा करण्यापेक्षा रोग्याकडे नीट पाहावे, हा त्यांचा स्वभाव. सांधे सुजणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाच्या काही रोग्यांना त्यांनी जवळपास नुसते पुदिन्याचे पाणी दिले आणि हा ताप आपल्या वाटेने किती उतरतो ते तपासले. १८७१ मध्ये युवराजांना टायफॉइड झाला तेव्हा त्यांनी उपचार केले आणि पुढच्या वर्षी त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. प्रौढ स्त्रियांमध्ये थायरॉइड मंदावल्यावर शरीर आणि मन कसे सुस्त होते, याचे वर्णनही त्यांनी १८७३ मध्येच केले.

१८६६ मध्ये १७ वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे आली. उंची सुमारे १६५ सेंटीमीटर, वजन जेमतेम ३७ किलो. पाळी बंद, नाडी मंद, तरी दिवसभर धावपळ चालू. तेव्हा वाळलेल्या मुलीला क्षय आहे असेच गृहीत धरत. गल यांनी छाती, पोट सारे तपासले. क्षय नव्हता, पोटाचा रोगही नव्हता. औषधे देऊन पाहिली, फरक पडला नाही. फरक पडला तो अन्नाने. दोन वर्षांत ती ५८ किलोपर्यंत आली. तिचे आधीचे आणि नंतरचे चित्र त्यांनी आपल्या निबंधासोबत छापले.

त्यांचा नियम सोपा होता. ठरावीक वेळाने थोडे थोडे अन्न द्यायचे आणि भूक आहे का, हे मुलीला विचारत बसायचे नाही. उपाशी मेंदू जेवणाचा निर्णय नीट घेऊ शकत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. गल यांनी ते दीडशे वर्षांपूर्वी रोग्याच्या खाटेशी बसून ओळखले. अन्न हेच या आजाराचे पहिले औषध, ही त्यांची बरोबर ठरलेली गोष्ट.

दुसरी गोष्ट घरच्यांविषयीची. अशा मुलीची शुश्रूषा करायला नातेवाईक सर्वात अयोग्य, असे गल यांचे मत होते. घरचे कधी विनवतात, कधी रागावतात, शेवटी मुलगी म्हणेल तसे करतात, हे त्या काळच्या डॉक्टरांना दिसत होते. म्हणून १४ वर्षांच्या एका मुलीसाठी त्यांनी गाय्जमधून नर्स पाठवली. मुलगी सुधारलीही. पण घरच्यांना दूर ठेवण्याची ही रीत पुढे अनेक दशके टिकली आणि तिच्यासोबत दोष आईबापांचाच, हा समजही रुजला. गल यांचे २९ जानेवारी १८९० रोजी अर्धांगाच्या झटक्याने निधन झाले. त्यांच्या मताची खरी परीक्षा त्यानंतर जवळपास शतकाने झाली.

ती झाली लंडनच्याच मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये. जेराल्ड रसेल, आयव्हन आयस्लर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा आजार १९ वर्षांच्या आत सुरू झाला होता आणि ३ वर्षांपेक्षा कमी काळ होता, अशा रोग्यांना कुटुंबासह केलेल्या उपचाराचा जास्त फायदा दिसला. नर्स जे करत होती, तेच शिकवल्यावर आईवडील करू शकतात आणि ते घरातच राहतात. आज किशोरवयीन मुलांसाठी हाच उपचार आधी सुचवला जातो.

त्याचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात काय, किती आणि केव्हा खायचे हे आईवडील ठरवतात. मुलगी जेवेपर्यंत एकजण शांतपणे ताटाशी बसतो. वजन सावरल्यावर निर्णय हळूहळू तिच्या हाती परत द्यायचे. तिसऱ्या टप्प्यात शाळा, मैत्रिणी, वयाचे प्रश्न.

भातकुलीसारख्या तालुक्यात प्रत्येक गावी मानसोपचारतज्ज्ञ नाही, पण घरात आई, बाबा, आजी आहेत. त्यांनी एक पथ्य पाळावे : घरात दोन नियम नकोत. आई भाकर, वरण, त्यावर तूप वाढते आणि आजी म्हणते राहू दे, तर आजार जिंकतो. ओरडणे नको, लालूच नको, वजनावर थट्टा नको. भांडण मुलीशी नाही, आजाराशी आहे. चतुर्थी-एकादशीचा उपवास म्हणजे आजार नव्हे. पण उपवास एकाएकी वाढले, फराळही टाळला जाऊ लागला, जेवणानंतर उलटी होऊ लागली, तर लक्ष द्या. मुलांनाही हा आजार होतो.

चक्कर येणे, हातपाय गार पडणे, तीन महिने पाळी न येणे किंवा वजन झपाट्याने उतरणे, यांपैकी काही दिसले तर आधी दवाखान्यात या. फार वाळलेल्या मुलाला एकदम भरपूर खाऊ घातले तर रक्तातले क्षार घसरून हृदयाला धोका होतो; म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी. पुढे जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे पाठवता येते. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. आजार जितका नवा, तितकी घरच्यांच्या मदतीने मुलगी बरी होण्याची शक्यता जास्त.