विश्लेषण : गोव्यात सन्मानाने जगलेल्या पोर्तुगीज वैद्याच्या अस्थी मृत्यूनंतर १२ वर्षांनी का जाळण्यात आल्या? मुंबई बेट भाड्याने घेणारे गार्सिया द ओर्ता कोण होते?

मुंबई ब्रिटिशांच्या ताब्यात जाण्याच्या शंभर वर्षे आधी हे बेट एका पोर्तुगीज वैद्याकडे होते. अहमदनगरच्या निजामशहाचे ते मित्र होते. गोव्यात त्यांचा मोठा वाडा होता आणि औषधी झाडांची बाग होती. आंबा, फणस, हिंग, भांग, अफू आणि मोडशी यांची सविस्तर माहिती युरोपला त्यांच्या पुस्तकातून मिळाली. मात्र परमुलखात ३४ वर्षे काढताना त्यांनी एक गोष्ट जगापासून लपवून ठेवली होती. ती उघड झाली तेव्हा ते हयात नव्हते. शिक्षा मात्र झालीच.

गार्सिया द ओर्ता कोण होते?

गार्सिया यांचा जन्म १५०० च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिद या सीमेवरच्या गावात झाला. त्यांचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढले, तेव्हा हजारो कुटुंबांनी शेजारच्या पोर्तुगालमध्ये आसरा घेतला. पण १४९७ मध्ये पोर्तुगालच्या राजानेही ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले. अशा कुटुंबांना ‘नवख्रिस्ती’ म्हटले जाई. चर्चमध्ये नाव लागले तरी संशय सुटत नसे. शनिवारी घरात चूल पेटली नाही किंवा डुकराचे मांस खाल्ले नाही, एवढ्यावरूनही शेजाऱ्यांचे कान टवकारत.

स्पेनमधील सालामांका आणि अल्काला येथे गार्सिया वैद्यक शिकले. परतल्यावर त्यांनी गावी वैद्यकी केली आणि पुढे लिस्बनच्या विद्यापीठात ते शिकवू लागले. नोकरी प्रतिष्ठेची होती. तरीही १५३४ च्या मार्चमध्ये मार्तिम आफोन्सो द सौझा या सरदाराचे वैद्य म्हणून ते भारताकडे निघालेल्या जहाजावर चढले. आफ्रिकेला वळसा घालून सुमारे सहा महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये ते गोव्यात उतरले. दोनच वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय सुरू झाले. गार्सिया पुन्हा मायदेशी गेलेच नाहीत.

त्या काळातील ‘गोवा’ म्हणजे नेमके काय?

त्या वेळी गोवा म्हणजे मुख्यतः तिसवाडी बेट. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला जुवारी आणि मधून कुंभारजुव्याची खाडी. आफोन्सो द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये हे बेट आदिलशाहीकडून जिंकले आणि मांडवीकाठचे शहर पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील सत्तेची राजधानी झाले. आज आपण त्याला जुने गोवे म्हणतो.

सुरुवातीची काही वर्षे गार्सिया सौझा यांच्याबरोबर मोहिमांवर फिरले. दीव, काठियावाड, मलबार असा त्यांचा प्रवास झाला. घारापुरी आणि साष्टी बेटावरील लेणीही त्यांनी पाहिली. सौझा १५३८ च्या सुमारास पोर्तुगालला परतले, पण गार्सिया मागेच राहिले आणि त्यांनी गोव्यात दवाखाना थाटला. व्हाइसरॉयपासून व्यापाऱ्यांपर्यंत सर्व थरांतील रुग्ण त्यांच्याकडे येत. वैद्यकीसोबत औषधी द्रव्ये आणि रत्नांचा व्यापारही चाले.

या बेटावर त्यांचे रोजचे आयुष्य कसे होते?

घरचे खाणेपिणे पोर्तुगीज वळणाचे असले तरी ताटात नारळ, आंबा, केळी, फणस येऊ लागले होते. युरोपात मोलाची असलेली मिरी, आले, वेलदोडे, दालचिनी येथे बाजारात सहज मिळत. गार्सिया यांनी बागेत औषधी झाडे लावली. बंदरात येणारे अरब, गुजराती, मलबारी आणि मलाक्काहून आलेले व्यापारी त्यांचे माहितगार झाले. एखादे मूळ कुठून येते, खरे कोणते, भेसळीचे कोणते आणि जहाजात किती दिवस टिकते, याची ते बारकाईने चौकशी करत.

या घराची दुसरी बाजूही आहे. गोव्यातील इतर सधन पोर्तुगीज घरांप्रमाणे येथेही गुलाम होते. त्यांच्या पुस्तकात अंतोनिया नावाची दासी येते. मालकाने सांगितले की ती बागेतून झाडपाला आणते, माजघरातून फळ आणून दाखवते. मालुपा नावाचा हिंदू वैद्यही त्यात आहे. परक्या मुलखात आलेल्या या विद्वानाचे ज्ञान अशा अनेक स्थानिक हातांवर उभे होते. त्यातील बहुतेकांची नावे इतिहासात उरली नाहीत.

स्थानिक वैद्यांविषयी गार्सिया यांचे मत संमिश्र होते. त्यांना शरीररचनेचे ज्ञान नाही, अशी त्यांची तक्रार होती. पण जुलाब-हगवणीवर मलबारी वैद्य वापरतात ती साल गुणकारी आहे, हे ते मोकळेपणाने मान्य करतात. अभ्यासकांच्या मते हे झाड म्हणजे आपला कुडा.

निजामशहाशी मैत्री कशी जुळली? रोहिणखेडशी संबंध काय?

गार्सिया यांची ख्याती घाटावर पोहोचली आणि अहमदनगरचा सुलतान बुऱ्हाण निजामशहा पहिला याने त्यांना बोलावून घेतले. पुढे ते अनेकदा अहमदनगरला गेले. सुलतानाला अरबी ग्रंथांची जाण होती. त्याच्या दरबारातील हकीम आणि हा पोर्तुगीज वैद्य यांच्यात रोग व औषधांच्या नावांवर चर्चा रंगत. सुलतानाने त्यांना भरघोस मोबदला दिला आणि दरवर्षी काही महिने अहमदनगरला राहण्याचा आग्रहही धरला. गार्सिया यांनी गोवा सोडला नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील वाचकांना हे घराणे वेगळ्या कारणाने जवळचे आहे. याच बुऱ्हाणाचा नातू बुऱ्हाण निजामशहा दुसरा याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोताळा तालुक्यातील रोहिणखेडजवळ जमालखानाचा पराभव केला आणि अहमदनगरची गादी मिळवली. उत्तरेकडून अजिंठ्याच्या डोंगररांगेत चढणारी वाट रोहिणखेडवरून जात असल्याने या गावाने लढाया पाहिल्या. आजोबाच्या दरबारात औषधांची चर्चा करणारा वैद्य तोवर काळाच्या पडद्याआड गेला होता.

मुंबई बेट त्यांच्याकडे कसे आले?

१५३४ च्या अखेरीस गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि भोवतालचा प्रदेश पोर्तुगीजांना दिला. त्यात मुंबईची बेटे होती. मर्जीतल्या माणसांना जमिनी ठरावीक वार्षिक खंडावर द्यायची पद्धत पोर्तुगीजांनी ठेवली. १५५४ च्या सुमारास मुंबई बेट गार्सिया यांना मिळाले. त्याचा खंड वर्षाला सुमारे १,४३२ पारदाव होता, असे जुन्या नोंदी सांगतात.

तेव्हाची मुंबई म्हणजे माडांच्या वाड्या, भातखाचरे, आमराया आणि कोळीवाडे. गार्सिया बहुतांश गोव्यातच राहत आणि बेटाचा कारभार त्यांची माणसे पाहत. तिथला आंबा मात्र त्यांना प्रिय होता. वर्षातून दोनदा फळ देणाऱ्या आपल्या मुंबईतील एका झाडाचे त्यांनी कौतुकाने वर्णन केले आहे. बेटावरील मोठा वाडा त्यांच्या नावाशी जोडला जातो. पुढे याच जागी ब्रिटिशांचा ‘बॉम्बे कॅसल’ उभा राहिला. फोर्टमधील ही जागा आज नौदलाच्या ‘आयएनएस आंग्रे’ तळाच्या आवारात आहे.

त्यांच्या पुस्तकात काय आहे?

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात ‘कोलोक्विओस’ हे त्यांचे पुस्तक छापून झाले. गोव्यात छपाई येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. छपाईच्या चुका इतक्या, की शुद्धिपत्रच अनेक पानांचे झाले. विद्वानांची भाषा लॅटिन असताना गार्सिया यांनी पोर्तुगीजमध्ये लिहिले. पोर्तुगालचे महाकवी लुईश द कामोंइश तेव्हा गोव्यात होते. त्यांची छापून आलेली पहिली कविता याच पुस्तकात आहे.

पुस्तक संवादरूप आहे. रुआनो हा स्पेनहून आलेला काल्पनिक वैद्य जुन्या ग्रंथांचे दाखले देतो आणि गार्सिया डोळ्यांनी पाहिलेले सांगतात. ग्रीक आचार्य चुकले असतील तर तसे म्हणायला ते कचरत नाहीत. युरोपात राहून असे लिहिण्याची हिंमत झाली नसती, हेही ते लपवत नाहीत.

त्यातील एक भाग महामारीचा आहे. खोल गेलेले डोळे, मंद नाडी, थंड घाम, न भागणारी तहान आणि पायात गोळे ही पटकीची लक्षणे त्यांनी नोंदवली. एका युरोपीय वैद्याने केलेले या रोगाचे हे आरंभीचे छापील वर्णन मानले जाते. रोगाचे स्थानिक नावही त्यांनी दिले. तो आपलाच शब्द, मोडशी. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचे ‘मोर्देशी’ झाले आणि फ्रेंचांनी त्याचा ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचा अपभ्रंश केला.

क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ मध्ये अँटवर्पहून पुस्तकाचा संक्षिप्त लॅटिन अनुवाद काढला. त्यामुळे ते युरोपभर पोहोचले. मूळ गोव्याच्या प्रती आज अत्यंत दुर्मीळ आहेत.

मग इन्क्विझिशनने त्यांना का गाठले?

१५४० च्या दशकात गार्सिया यांच्या बहिणींना लिस्बनमध्ये धर्मन्यायालयाच्या कोठडीत राहावे लागले होते. सुटकेनंतर त्या आणि आई गोव्यात गार्सिया यांच्याकडे आल्या. समुद्रापलीकडे तरी निवांत जगता येईल, ही आशा होती. १५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यातही दाखल झाले. पुस्तक छापले गेले तेव्हा त्याचा पहारा याच शहरात होता. पुस्तकातील गार्सिया निष्ठावान ख्रिस्ती म्हणूनच बोलतात. आत काय होते, ते घरापुरतेच राहिले.

१५६८ मध्ये गार्सिया यांचे निधन झाले. व्हाइसरॉय आणि बड्या अधिकाऱ्यांच्या ओळखीचे कवचही त्यांच्याबरोबर संपले. काही महिन्यांतच बहीण कातारिनाला अटक झाली. चौकशीत कुटुंब गुपचूप ज्यू धर्म पाळत असल्याचे आणि गार्सियाही त्याच श्रद्धेचे असल्याचे जबाब नोंदवले गेले. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी कातारिनाला गोव्यात जिवंत जाळण्यात आले.

मेलेल्या माणसावरही खटला चालवण्याची तरतूद धर्मन्यायालयाकडे होती. गार्सिया मरणोत्तर दोषी ठरले. डिसेंबर १५८० मध्ये त्यांच्या अस्थी कबरीतून उकरून जाळण्यात आल्या.

आज त्यांची आठवण कुठे आहे?

कुटुंबाची ही कहाणी साडेतीनशे वर्षे कागदांत पडून होती. १९३४ मध्ये पोर्तुगीज संशोधक आउगुस्तो द सिल्व्हा कार्व्हाल्हो यांनी इन्क्विझिशनच्या दप्तरातील नोंदी प्रसिद्ध केल्या. तेव्हा लिस्बन सोडण्याचे आणि परत न जाण्याचे खरे कारण अभ्यासकांच्या लक्षात आले.

ज्या देशाच्या न्यायालयाने त्यांच्या अस्थी जाळल्या, त्याच देशाने पुढे त्यांचे चित्र नोटेवर आणि नाण्यावर छापले. लिस्बनजवळील आल्मादा येथील मोठ्या रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. पणजीत चर्चसमोरच्या पालिका उद्यानालाही गार्सिया द ओर्ता यांचेच नाव दिलेले आहे. संध्याकाळी तिथे मुले खेळतात, वृद्ध बाकांवर गप्पा मारतात. त्यांची कबर मात्र कुठेही नाही.