क्लारा बार्टन : वादळानंतर माणसं उभी करणाऱ्या बाई



रेड क्रॉस हे नाव आपल्या मुलांनी रक्तदान शिबिराच्या फलकावर तरी वाचलेलं असतं. आपत्ती व्यवस्थापनाचा पाठ शिकवताना आपण वादळ आलं तर काय करावं, काय करू नये, हे सगळं सांगतो. पण वादळ निघून गेल्यावर उरलेल्या माणसांचं काय? घरदार गेलेल्या माणसाशी मदत करणाऱ्याने कसं वागावं? हे मुलांना सांगायचं असेल, तर अमेरिकन रेड क्रॉसच्या संस्थापिका क्लारा बार्टन यांचं आयुष्य सांगावं. त्या मुळात शिक्षिका होत्या, हे आपल्यासाठी विशेष.

बालपण आणि शाळा

क्लारा यांचा जन्म २५ डिसेंबर १८२१ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ऑक्सफर्ड इथे झाला. पाच भावंडांत त्या सर्वांत धाकट्या, आणि इतक्या लाजाळू की घरच्यांना त्यांची काळजी वाटायची. त्या अकरा वर्षांच्या असताना मोठा भाऊ डेव्हिड धान्याच्या कोठाराच्या छपरावरून पडला. जवळजवळ दोन वर्षं तो अंथरुणाला खिळून होता आणि ही लहानगी त्याच्या उशाशी. औषध देणं, जळवा लावणं, सगळं ती करायची. एरवी माणसांत बोलायला बिचकणारी मुलगी गरज पडली की खंबीर होते, हे घरच्यांना तेव्हाच दिसलं.

सतराव्या-अठराव्या वर्षी त्या शिक्षिका झाल्या. त्या काळी शाळेत छडी हे रोजचंच साधन होतं. क्लाराबाईंनी दांडगट मुलांना छडीने नाही, तर मैदानात त्यांच्याबरोबर खेळून आपलंसं केलं. पुढे १८५२ मध्ये न्यू जर्सीतल्या बॉर्डनटाउन गावात फी परवडत नाही म्हणून रस्त्यावर भटकणारी मुलं त्यांनी पाहिली आणि मोफत शाळा सुरू केली. पहिल्या दिवशी मोजून सहा मुलं होती. बघता बघता संख्या शेकड्यांत गेली, गावाने नवी इमारत बांधली. पण मुख्याध्यापक म्हणून नेमला एक पुरुष, आणि पगारही बाईंपेक्षा कितीतरी जास्त! बाईंनी राजीनामा दिला आणि त्या वॉशिंग्टनला गेल्या. तिथे पेटंट कार्यालयात त्यांना कारकुनाची नोकरी मिळाली.

रणांगणावर

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. मॅसॅच्युसेट्सचे जखमी सैनिक वॉशिंग्टनला आले, तेव्हा त्यांना ठेवायला जागा नव्हती, म्हणून संसदेच्या सभागृहात उतरवलं. त्यांत क्लाराबाईंच्या ओळखीची पोरं होती. बाईंनी घरातून कपडे आणि खाऊ नेऊन द्यायला सुरुवात केली. मग बायकांकडून सामान गोळा केलं आणि परवानगी मिळवून थेट लढाईच्या जागी गाड्या नेल्या. सप्टेंबर १८६२ मध्ये अँटिएटमच्या लढाईत त्या एका जखमीला पाणी देत असताना गोळी त्यांच्या बाहीतून आरपार गेली आणि तो सैनिक जागीच गेला.

युद्ध संपल्यावर बेपत्ता सैनिकांचा शोध घेणारं कार्यालय त्यांनी चालवलं. ६३ हजारांहून अधिक पत्रं हाताळली आणि २२ हजारांहून अधिक सैनिकांचं काय झालं ते घरच्यांना कळवलं.

युद्ध नसेल तेव्हाही

१८६९ मध्ये त्या युरोपात गेल्या. जिनिव्हात त्यांना रेड क्रॉसची माहिती मिळाली. पुढच्याच वर्षी फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध सुरू झालं. स्ट्रासबुर्ग शहरात तोफांच्या माऱ्याने बेघर झालेल्या बायकांसाठी क्लाराबाईंनी शिवणकामाची केंद्रं काढली. बायकांनी कपडे शिवायचे, त्याचे पैसे घ्यायचे आणि ते कपडे गरजूंना द्यायचे. हा धागा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

१८८१ मध्ये त्यांनी अमेरिकन रेड क्रॉसची स्थापना केली. रेड क्रॉस तोवर मुख्यतः युद्धातल्या जखमींसाठी होता. बाईंचं म्हणणं असं की पूर, आग, वादळ यांत सापडलेला माणूसही तितकाच असहाय असतो. १८८४ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत शांततेच्या काळातल्या आपत्तींचा समावेश रेड क्रॉसच्या कामात झाला. १८८९ मध्ये धरण फुटून जॉन्सटाउन शहर वाहून गेलं, दोन हजारांवर माणसं गेली. काही दिवसांतच बाई तिथे पोहोचल्या आणि बेघरांसाठी मोठी लाकडी निवासस्थानं उभारून कित्येक महिने राहिल्या.

सी आयलंड्स, १८९३

ऑगस्ट १८९३ च्या अखेरीस दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या सी आयलंड्स या बेटांवर भयानक चक्रीवादळ आलं. रात्रीतून समुद्र बेटांवर चढला. हजाराहून जास्त माणसं बुडाली, साधारण ३० हजार माणसं निराधार झाली. त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय शेतकरी होते. एकेकाळचे गुलाम आणि त्यांची मुलंबाळं. गुलामी संपून तीस वर्षंही झाली नव्हती. झोपड्या गेल्या, कापूस गेला, रताळी जमिनीतच कुजली, विहिरींत खारं पाणी शिरलं. अमेरिकन संसदेने मदतीसाठी पैसा मंजूर केला नाही. सरकारी मदत नाही, आणि समोर हिवाळा.

क्लाराबाई तेव्हा ७१ वर्षांच्या होत्या. ब्यूफर्ट गावात त्यांनी ठाण मांडलं. लोकांनी दिलेल्या देणग्या भुकेल्या तोंडांच्या मानाने फारच थोड्या होत्या. त्यामुळे मक्याचा भरडा आणि थोडं डुकराचं मांस असा अगदी मोजका शिधा ठरला. पण नुसता शिधा वाटून त्या थांबल्या नाहीत. धडधाकट माणसांनी काम करायचं असं ठरलं. पुरुषांनी साचलेलं पाणी काढायला मैलोन् मैल चर खणले, घरं पुन्हा बांधली. चर खणल्याने शेतं सुकली आणि तापही कमी व्हायला मदत झाली. बायकांनी शिवणमंडळं काढली. देशभरातून जुन्या कपड्यांची खोकी यायची. ते कपडे निवडायचे, फाटके सांधायचे आणि ज्याला जे बसेल ते द्यायचं, हे काम बेटांवरच्या बायकाच करायच्या. वसंत ऋतूत बियाणं आणि बटाटे पेरायला दिले.

दहा महिन्यांनी, जुलै १८९४ मध्ये, शेतात भाजी उभी राहिली आणि बाईंनी मुक्काम हलवला. आणखी राहिले असते तर लोकांना मदतीची सवय लागली असती, आणि आधी गेले असते तर लोक उपाशी राहिले असते, हे भान त्यामागे होतं. मदत करताना सुरू कधी करायचं हे सगळ्यांना कळतं. थांबायचं कधी, हे फार थोड्यांना कळतं.

गॅल्व्हेस्टन, १९००

८ सप्टेंबर १९०० रोजी टेक्सासमधलं गॅल्व्हेस्टन हे बेटावरचं भरभराटीचं बंदर वादळाने उद्ध्वस्त झालं. बेटाची सर्वांत उंच जागा नऊ फुटांच्या आत, आणि लाट आली पंधरा फुटांहून उंच. किमान सहा हजार माणसं गेली, साडेतीन हजारांहून अधिक घरं जमीनदोस्त झाली. मृतांच्या संख्येने पाहिलं तर अमेरिकेतली ही आजवरची सर्वांत मोठी नैसर्गिक आपत्ती आहे.

बाईंचं वय आता ७८. तरीही त्या तिथे गेल्या. प्रकृतीने साथ दिली नाही, तरी खाटेवरून काम चालू ठेवलं. एका गोदामात आलेलं सामान लावलं, अनाथ मुलांसाठी आश्रम उघडला, घरं बांधायला लाकूड मिळवलं. शहराच्या एकेका प्रभागात मदत वाटण्याच्या कामात तिथल्याच बायकांना घेतलं. कोणाच्या घरी काय कमी आहे, हे शेजारणीइतकं कोणाला ठाऊक असणार? आसपासच्या शेतकऱ्यांची पिकं गेली होती, तर त्यांना स्ट्रॉबेरीची सुमारे १५ लाख रोपं मिळवून दिली. रोप लावलं की पुढच्या हंगामाचा विचार आपोआप सुरू होतो!

शेवटची वर्षं

क्लाराबाई निर्दोष नव्हत्या. सगळं काम स्वतःच्या हाती ठेवायची त्यांची सवय होती आणि हिशेब नीटनेटके नसायचे. यावरून संस्थेत वाद झाले, चौकशी झाली. अफरातफर सिद्ध झाली नाही, पण १९०४ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडलं. मोठ्या कामाला चोख हिशेबही लागतो, हेही मुलांना सांगायला हरकत नाही. त्यानंतर त्यांनी प्रथमोपचार शिकवणारी संस्था काढली, म्हणजे पुन्हा शिकवणंच! १२ एप्रिल १९१२ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, मेरीलँडमधल्या ग्लेन एको इथल्या घरी त्यांचं निधन झालं. त्या घरासाठी जॉन्सटाउनच्या निवाऱ्यांचं लाकूड वापरलेलं होतं.

वर्गात आणि घरी

चांगला शिक्षक मुलाचं गणित स्वतः सोडवून देत नाही, मूल अडतं तिथे हात देतो आणि मग बाजूला होतो. क्लाराबाईंनी निवाऱ्यातल्या माणसांशी तेच केलं. चर त्यांचे त्यांनी खणले, कपडे त्यांचे त्यांनी शिवले, शेत त्यांचं त्यांनी पिकवलं.

हा पाठ सांगून झाला की मुलांना तीन प्रश्न विचारून पाहा. आपल्या शाळेत उद्या शंभर पूरग्रस्त माणसं राहायला आली, तर पहिल्या दिवशी त्यांना काय लागेल? दहाव्या दिवशी काय लागेल? आणि त्यांतलं कोणतं काम ती माणसं स्वतः करू शकतील? पहिल्या प्रश्नाची उत्तरं भराभर येतात. तिसऱ्याला मुलं थांबतात. त्यांना थांबू द्या, घाई करू नका.