वडाखालचे स्वामी

दत्तजयंती जवळ आली की आमच्या सोलापुरातल्या घराघरांत बेत ठरतो. गाणगापूर करायचं आणि येताना अक्कलकोट करायचं. दत्तभक्तांचं झाड म्हणजे औदुंबर. गुरुचरित्रात त्याचं माहात्म्यच सांगितलं आहे. पण आपल्या जिल्ह्यात जे दत्तावतार नांदले, ते श्री स्वामी समर्थ आपल्या डोळ्यांपुढे येतात ते वडाखाली बसलेले. मला तर त्यांचं चरित्र या झाडापासूनच समजत गेलं.

भाविकांची श्रद्धा अशी, की श्रीनृसिंह सरस्वती गाणगापूर सोडून श्रीशैलाजवळच्या कर्दळीवनात गेले आणि ध्यानाला बसले. भोवती वारूळ चढलं. शेकडो वर्षं लोटली. मग एका लाकूडतोड्याची कुऱ्हाड निसटून त्या वारुळावर बसली आणि स्वामी प्रकट झाले. पुढे पुष्कळ फिरून ते मंगळवेढ्याला राहिले आणि तिथून १८५६-५७च्या सुमारास अक्कलकोटला आले. आधी मुक्काम खंडोबाच्या देवळात. मग चोळप्पांनी त्यांना घरी नेलं. चोळप्पांची परिस्थिती बेताचीच, संसाराची ओढाताण. तरी त्या माउलीच्या सेवेत त्यांनी हात आखडता घेतला नाही.

स्वामींनी ग्रंथ लिहिला नाही की मोठा आश्रम उभा केला नाही. बसायला वडाची सावली, एवढंच. आता विचार करा, वाड्याला दरवाजा असतो, दरवाज्याशी पहारेकरी असतो. झाडाला काय असतं? संस्थानचे राजे मालोजीराजे दर्शनाला येत आणि ज्याच्या अंगावर धड वस्त्र नाही असा गरीबही येई. हिंदू येत, मुसलमान येत. कुणी व्याधीनं गांजलेला, कुणी घरच्या काळजीनं. आपल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. पायी आलेल्या माणसाला आधी सावली मिळायची, मग दर्शन. मला वाटतं, कृपेची सुरुवात तिथूनच होत असावी.

असं सुमारे बावीस वर्षं चाललं. चोळप्पा स्वामींच्या आधीच गेले. चैत्र वद्य त्रयोदशी, शके १८००, म्हणजे ३० एप्रिल १८७८ या दिवशी स्वामींनी वडाखालीच देह ठेवला. समाधी झाली ती चोळप्पांच्या घराजवळ. म्हणून अक्कलकोटला गेल्यावर दोन ठिकाणी डोकं टेकायचं. समाधिमठात आणि वटवृक्षाच्या देवळात. बाळप्पा, पुण्याचे रामानंद बीडकर महाराज, वेंगुर्ल्याचे आनंदनाथ महाराज अशा शिष्यांनी पुढे ही सेवा ठिकठिकाणी नेली. वडाची पारंबी जमिनीला टेकली की तिचंच खोड होतं, तसंच हे झालं.

आता एक मनातलं सांगतो. आपण झाडाला प्रदक्षिणा घालतो, पण त्याच्या मुळांना श्वास घ्यायला जागा ठेवतो का? आमच्या गल्लीतल्या औदुंबराचा पार नव्यानं बांधताना फरशी अगदी बुंध्याला भिडवायचं चाललं होतं. आम्ही चार म्हाताऱ्यांनी जाऊन सांगितलं, बाबांनो, भोवती दोन हात माती मोकळी ठेवा, पावसाचं पाणी मुरू द्या. पोरांनी ऐकलं. आज त्याच्या खोडाला लगडलेली उंबरं पाखरं खातात आणि दुपारी भाजीवाल्या मावश्या तिथं टेकतात.

यंदा दत्तजयंतीला झाडापाशी जाल तेव्हा बुंध्याला खिळा ठोकू नका, जळता कापूर खोडाला टेकवून ठेवू नका. तांब्याभर पाणी मात्र मुळाशी घाला. स्वामींनी ज्या सावलीत बसून लोकांचे अश्रू पुसले, ती सावली आपल्या नातवंडांना मिळायला हवी. ही सेवा गुरुचरणी रुजू होईल, यात मला शंका नाही.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥