पॅरासिटामॉलवाला माणूस आणि नसांचा दरवाजा

ताप आला की आपण पॅरासिटामॉल घेतो. तिच्यामागे ज्या ज्युलियस ॲक्सेलरॉड यांचं काम आहे, त्यांच्याच शोधामुळे एक वेगळं कोडंही सुटतं: एखादं केमिकल बाकी शरीर सोडून फक्त सिम्पथेटिक नसांचीच टोकं कशी काय मारतं?

ॲक्सेलरॉड १९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मले. वडील टोपल्या विणायचे. डॉक्टर व्हायचं होतं, पण एकाही मेडिकल कॉलेजने घेतलं नाही. मग व्हिटॅमिन तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी धरली. तिथे अमोनियाची बाटली फुटून डावा डोळा गेला. पुढे बर्नार्ड ब्रोडी यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं, की ॲसिटॅनिलाइड हे औषध शरीरात गेल्यावर पॅरासिटामॉल बनतं आणि दुखणं तेच थांबवतं. पीएचडी मिळाली थेट १९५५ मध्ये, त्रेचाळिशीत! आमच्या क्षेत्रात आधी डिग्री बघतात, म्हणून मला हे फार भारी वाटतं.

आता मुद्द्याचं. घाबरल्यावर छाती धडधडते ती सिम्पथेटिक नसांमुळे. त्यांची टोकं नॉरॲड्रेनॅलिन सोडतात. काम झाल्यावर त्याचं काय होतं? एन्झाइम त्याला तोडतं, असं वाटायचं. तसं एक एन्झाइम ॲक्सेलरॉड यांनीच शोधलं होतं. पण ते बंद पाडलं तरी परिणाम ओसरायचाच.

मग त्यांच्या लॅबने मांजराच्या मानेतला एका बाजूचा सिम्पथेटिक पेशींचा पुंजका काढला, त्या बाजूची टोकं मरू दिली आणि किरणोत्सारी नॉरॲड्रेनॅलिन टोचलं. शाबूत बाजूला ते साठलं, दुसऱ्या बाजूला जवळपास नाहीच. म्हणजे टोकं सोडलेला माल परत आत ओढून घेतात.

हाच तो दरवाजा. ६-हायड्रॉक्सीडोपामिन दिसायला नॉरॲड्रेनॅलिनसारखं, त्यामुळे टोक त्याला आत घेतं. बँकेचं समजून बनावट ॲप टाकावं तसं. आत त्याचं ऑक्सिडेशन होतं, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे घातक पदार्थ बनतात आणि टोक तुटतं. शेजारच्या स्नायूला हा दरवाजाच नाही, तो वाचतो. १९६८ मध्ये ट्रान्झर आणि थोनेन यांनी ही मोडतोड इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवली. ना चाकू, ना टाके.

थोनेन मग ॲक्सेलरॉड यांच्याच लॅबमध्ये आले. तिथे १९६९ मध्ये दिसलं, की टोकं गेली की ॲड्रेनल ग्रंथी नॉरॲड्रेनॅलिन बनवणारं आपलं एन्झाइम वाढवते, कमतरता भरून काढायला. पुढच्याच वर्षी ॲक्सेलरॉड यांना नोबेल मिळालं, उल्फ फॉन ऑयलर आणि बर्नार्ड कात्झ यांच्यासोबत.

२००४ मध्ये, ९२व्या वर्षी ते गेले. ६-हायड्रॉक्सीडोपामिन आजही उंदरांच्या मेंदूत थेट टोचून पार्किन्सन्सचा अभ्यास होतो. तिथेही ते पेशीत शिरतं ते अशाच दरवाजातून.